पाहण्यासारखी भट्टी

लिफ्टचं दार उघडलं आणि काही दिसायच्या आधी वास आला.

ओला, कोमट, गोडसर. भाजलेल्या धान्यावर कुणी आधणाचं पाणी ओतावं तसा. माझे पाय तिथेच थांबले. मागून जावई म्हणाले, "आई, चला ना, दार बंद होईल." माझ्या मुलीने, मंजूने, माझा दंड धरून मला बाहेर घेतलं. तिच्या सासूबाई पुढे निघाल्या होत्या. त्या पुण्याहून राहायला आल्या होत्या आणि गुडगावात त्यांना दाखवायचं काय, असा प्रश्न पडल्यावर जावयांनी हे ठिकाण काढलं होतं. खाली कपड्यांची दुकानं, वर हॉटेल, आणि हॉटेलाच्या मधोमध काचेपलीकडे तांब्याची मोठमोठी भांडी. बियर तिथल्या तिथे बनते. सुट्टीच्या दिवशी लोक मुलाबाळांना घेऊन बघायला येतात.

जावयांना अशा जागा हिंडण्याचा नाद आहे. कुठली चांगली, कुठली उगाच, ते फोनवर लिहितात आणि तारे देतात. मला काचेसमोर उभं करून ते गमतीने म्हणाले, "बोला आई, चांगली ब्रुअरी कशी ओळखायची?"

मी पदर सारखा केला. "मला काय कळतं त्यातलं?"

सगळे हसले. मंजूही हसली, पण माझ्याकडे न बघता.

कळतं मला. एवढं एकच ठिकाण आहे, ज्याच्यातलं मला थोडंफार कळतं.

मंजूचे बाबा फौजेतून पेन्शनीत निघाले तेव्हा आम्ही दिल्लीच्या छावणीत होतो. गावी परत जायचं ठरलं होतं, सामान बांधून झालं होतं. मग काय झालं ते आता सांगत बसत नाही. आम्ही कराडला गेलो नाही, फरीदाबादेत आलो. तिथे शेतं संपायची तिथे फॅक्टऱ्या सुरू व्हायच्या आणि फॅक्टऱ्या संपल्या की पुन्हा मोहरीची शेतं. रोज कुठेतरी नवी भिंत उठत होती. दुकानांत नवनवीन साबण आले होते, घरांवर डिश अँटेनाच्या छत्र्या लागत होत्या, आणि गल्लीतली प्रत्येक बाई दुसरीला पहिलं विचारायची, "आपके वो किस कंपनी में हैं?"

आमचे हे बियरच्या फॅक्टरीत होते. मी सांगायची, "बोतलवाली कंपनी." खोटं नव्हतं. बाटल्या होत्याच.

आमच्या खोलीपासून फॅक्टरी दूर होती, पण वाऱ्यावर होती. मे महिन्यात लूचा तापलेला वारा सुटला की वास करपट यायचा, तव्यावर भाकरी राहिल्यासारखा. पावसाळ्यात आंबूस. खरा वास थंडीतला. धुकं जमिनीला टेकलं की तो वर जाऊ शकायचा नाही, गल्लीत गुडघ्याएवढा साचून राहायचा, आणि सकाळी दूध आणायला निघालं की वासातून चालल्यासारखं वाटायचं. शेजारची पंजाबी बाई नाकाला ओढणी लावायची. मीही पदर लावायची, ती लावते म्हणून. पदराच्या आत मी तो वास घेत असे. मला तो माहेरचा वाटायचा, आणि तसं वाटतं याची फार लाज वाटायची.

संध्याकाळी तोच वास यांच्याबरोबर घरात यायचा. सदऱ्यात, केसांत, हाताच्या पंजात. मंजू लहान होती. ती त्यांच्या खांद्यावर नाक घासायची आणि म्हणायची, "बाबा, तुम्ही बिस्किट आहात."

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा यायची. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तसं उत्तरेत त्या दिवशी कारखान्यात यंत्रं पुजतात. भट्टी थंड ठेवायची, फरशा धुवायच्या, आणि कामगारांच्या बायकामुलांना आत सोडायचे. एका वर्षी मीही गेले. जायचं नव्हतं. हे म्हणाले, "अगं चल की. एकदा बघ तर खरं, मी दिवसभर कुठं असतो."

दारूची फॅक्टरी म्हणजे काय, याचं माझ्या डोक्यात एक चित्र होतं. अंधार, चिखल, लाल डोळ्यांची माणसं. आत गेले तर देवळाच्या गाभाऱ्याएवढं तांब्याचं भांडं, घासून लखलखीत केलेलं, गळ्यात झेंडूची माळ. मी हरखले. "ही तर काहील!" तोंडातून निघून गेलं.

हे असे काही हसले की फौजेतल्या सगळ्या वर्षांत तसे हसलेले मी पाहिले नव्हते. "मी तेच म्हणतो तर लोकांना कळत नाही. काहीलच ती. फक्त झाकण आहे."

यांचे वडील गुळव्या होते. उसाचा रस काहिलीत उकळताना गूळ नेमका कधी उतरवायचा, ते ज्याला कळतं तो गुळव्या. यांचं बालपण गुऱ्हाळावर गेलं होतं. त्या दिवशी ते मला एकेक जागा दाखवत होते आणि सगळं गुऱ्हाळाच्या भाषेत सांगत होते. "हे बघ, इथं दळलेलं धान्य गरम पाण्यात पडतं. इथं गाळतो. मग इथं उकळी. माझी ड्यूटी या भांड्यावर. काटा आहे, घड्याळ आहे, पण मी आपला नाकानं बघतो." त्यांनी एक डबा उघडून कसल्यातरी हिरवट सुक्या फुलांचा चुरा माझ्या तळव्यावर ठेवला. झेंडूची पानं चुरडल्यावर येतो तसा कडवट वास आला. "याचा कडूपणा. बाकी सगळं धान्य."

परत निघताना ते म्हणाले, "गुऱ्हाळ चांगलं की वाईट ते आपण कसं ठरवतो? वास आधी यायला पाहिजे, माणूस नंतर. पायाखाली ओलं असावं, चिकट नसावं. माश्या बसल्या असल्या तर समजायचं, धुणारा आळशी. दाखवणारा माणूस तुझ्याकडं कमी आणि काहिलीकडं जास्त बघत असला तर तिथं थांबावं. आणि आल्यागेल्याला वाटीभर काकवी दिल्याशिवाय सोडतात का आपल्याकडं? तसं पाहिजे. इथं काकवी न्हाई, पण देतात."

खरंच देत असत. त्या दिवशी प्रत्येकाला बुंदीचा पुडा आणि कापडी पिशवीत धान्य. मोड आणून, वाळवून, भाजलेले सातू. बाहेर पडून मी दोन दाणे चावले. आधी कुरकुरीत, मग दुधासारखं, मग जिभेवर राहणारी गोडी. मी काय चावतेय ते मला लगेच कळलं. मंजू तान्ही असताना मी नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, सावलीत वाळवून भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. त्या सत्त्वावर ती वाढली. हे तेच होतं. नाचणीच्या जागी सातू.

मी त्या भांड्याला हळदीकुंकू लावून आले होते. बोटाला तांब्याचा वास घरापर्यंत राहिला होता. त्या दिवसाइतकं हलकं मला त्या शहरात पुन्हा कधी वाटलं नाही.

त्याच आठवड्यात गणपती होते. फरीदाबादेत मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कुणी सरकारी ऑफिसात, कुणी मोठ्या कंपनीत, दोनचार आमच्यासारखे फौजेतले. एका शाळेचा हॉल घेऊन गणपती बसवायचे. रोज एका घराचा नैवेद्य. बायका इंग्रजी मासिकातल्या गोष्टी बोलायच्या, पाककृती लिहून घ्यायच्या. मी चौथी शिकलेली. मी भांडी विसळायला पुढे व्हायची, कारण विसळताना बोलावं लागत नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच एक दिवस आमच्या नावाने आला.

मी ते सातू निवडले, मंद आचेवर पुन्हा थोडे परतले, दळले. साल टोचते म्हणून धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळलं. लाडवांसाठी यांनी गावाहून आलेला गूळ काढून दिला. घरात असा वास सुटला की मंजू खेळ टाकून आली आणि ओट्याला चिकटून उभी राहिली. ते धान्य कुठून आलंय हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. धान्य ते धान्य. अजून त्याचं काहीही झालेलं नव्हतं. मला वाटलं, इतकं चांगलं आपल्या हातून कधी झालं नव्हतं.

आरती झाली, प्रसाद वाटला गेला. मंडळाचं सगळं देसाईवहिनी बघायच्या. चांगली बाई. त्यांनी लाडू मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "अगंबाई! कसले हो हे? डिंकाचे नाहीत, नाचणीचे नाहीत..."

"सातूचे," मी म्हणाले. बायका माझ्याकडे बघत होत्या. बऱ्या नजरेने.

"इथे सातू? कुठल्या दुकानात मिळाले? मला पण नक्की घ्यायचेत."

मी काही बोलायच्या आत हे पुढे झाले. हातात तीर्थाची वाटी होती. फौजी माणूस, ताठ उभं राहून सांगायची सवय. "दुकानातले नाहीत वहिनी. आमच्या फॅक्टरीतला माल आहे. एक नंबर. विश्वकर्म्याला आम्हाला देतात."

"अच्छा? कुठली हो फॅक्टरी तुमची?"

त्यांनी सांगितलं. बियर, म्हणाले. मोठ्याने, स्पष्ट.

देसाईवहिनींनी हातातला अर्धा लाडू ताटाच्या कडेला ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ नये असा. मागून पुरुषांमधून कुणी म्हणालं, "म्हणजे आज बाप्पाला चखणा!"

हॉल हसला. वाईट हसला नाही, सणाच्या दिवशी हसतात तसाच हसला. मग पोरांनी ते उचललं. पोरं लाडू खाऊन झिंगायला लागली. खांबाला धरून, एकमेकांच्या अंगावर पडत, "हिक्, गणपती बाप्पा, हिक्." सगळ्यांत छान झिंगत होती माझी मंजू. परकर वर खोचलेला, डोळे फिरवलेले, तोंडात अर्धा लाडू. लोक तिच्याकडे बघून टाळ्या देत होते. झिंगता झिंगता तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती थांबली. माझ्या तोंडावर काय होतं, ते मला कधी कळायचं नाही. तिला दिसलं.

देसाईवहिनींनी ताटावर वर्तमानपत्र झाकलं आणि मला बाजूला घेतलं. "वाईट वाटून घेऊ नका हं. तुम्हाला काय माहीत असणार? पण नैवेद्याचं ना, लोकांच्या भावना असतात."

मी मान डोलावली. मला माहीत होतं, असं सांगायला हवं होतं का, मला आजही ठरवता येत नाही.

लाडवांचा डबा यांनी काखेत मारला. शेअर ऑटोत आम्ही बसलो, मंजू मधे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर यांनी डब्यातून एक लाडू काढला, खाल्ला, पाणी प्यायले, कामावर गेले. तिसऱ्या दिवशी एक. डबा रिकामा होईपर्यंत रोज सकाळी एक. बसून, नीट चावून, बोटाला चिकटलेलंसुद्धा टाकलं नाही. मग डबा स्वतः घासला आणि फळीवर पालथा घातला.

त्यानंतर घरी येताना त्यांना साबणाचा वास यायला लागला. फॅक्टरीतच अंघोळ करून, सदरा बदलून ते यायचे. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. कामाचे कपडे पिशवीत गुंडाळून आणायचे आणि मी ते वेगळे धुऊन घरातच, दाराआड वाळत घालायची. मंजू काही दिवस त्यांच्या खांद्याला नाक लावून बघायची. मग सोडून दिलं तिने. पुढच्या विश्वकर्म्याला पिशवी आली नाही. दिली नाही की आणली नाही, मी विचारलं नाही. काहील हा शब्दही आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. शाळेत मंजूला वडील काय करतात विचारलं की ती म्हणायची, "फौजी." मी शिकवलं नव्हतं. ऐकलं मात्र होतं.

राज्यात दारूबंदी आली आणि एका थंडीत धुक्याला वासच नव्हता. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, हवा साफ झाली. मग हे गुडगावच्या गाड्यांच्या कारखान्यात फाटकावर उभे राहू लागले. मग मंजूला नोकरी, मग मंजूचे बाबा गेले, मग मंजूचं स्थळ. पुण्याची माणसं बघायला आली तेव्हा मी चहाचा कप पुढे ठेवत म्हणाले, "मंजूचे बाबा फौजेत होते." मंजूने मान खाली घातली. तेवढ्यावर झालं.

काचेपलीकडून रबरी बूट घातलेली एक मुलगी आली आणि आम्हाला आत घेऊन गेली. फरशी ओली होती. चिकट नव्हती. तिचं बोलणं माझ्याशी चाललं होतं, पण मधेच भांड्याच्या काट्याकडे वळून बघत होती आणि वाक्य विसरत होती. मला बरं वाटलं. भांडी लहान होती, यांच्या भांड्याच्या नातवंडांसारखी.

एका लाकडी फळीवर काचेच्या बरण्या होत्या. "चखके देखिए आंटी जी, यह माल्ट है," ती म्हणाली आणि आमच्या सगळ्यांच्या तळव्यावर मूठमूठ ओतलं.

विहीणबाईंनी चावलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. "अय्या, हे तर आपल्या सत्त्वासारखं लागतंय! नाही हो विहीणबाई?" आणखी चिमूट तोंडात टाकली. "याचे लाडू काय सुंदर होतील. मंजू, विचार गं हिला, विकत देतात का."

मंजू माझ्याकडे बघत होती. तिने दाणे तोंडात टाकले नव्हते. मूठ घट्ट मिटलेली, कान लाल झालेले.

"होतात छान," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आला. "पण साल टोचते. वस्त्रगाळ करावं लागतं."

"तुम्ही केलेत?"

"मंजूचे बाबा आणायचे."

"कुठून?"

"आई," मंजू पटकन म्हणाली, "टेबल मिळालंय वाटतं. चलो, बसू या." तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती. एकदा वाटलं, बसावं जाऊन. बोतलवाली कंपनी म्हणावं. फौजेच्या कँटीनमधून म्हणावं. तळव्यावरचे दाणे घामाने ओले झाले होते आणि त्यांना यांच्या सदऱ्याचा वास येत होता.

"फॅक्टरीतून," मी म्हणाले. "फौजेनंतर ते बियरच्या फॅक्टरीत होते. अशाच भांड्यावर. याहून मोठं होतं."

विहीणबाईंचं चावणं थांबलं. क्षणभरच. मग त्या म्हणाल्या, "हो का? मंजू, तू कधी बोलली नाहीस गं."

जावई तर उडालेच. "आई, हे तुम्ही आत्ता सांगताय? यार मंजू, काय हे! मी जगभरच्या ब्रुअऱ्या हिंडतोय आणि घरातच..." त्यांनी त्या बूटवाल्या मुलीला हाक मारून सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, साहेब नेमकं काय करायचे. मला हिंदीत काय म्हणतात ते आलं नाही. "नाक से देखते थे," म्हणाले. ती हसली नाही. तिने मान डोलावली.

ज्याची मला इतकी वर्षं भीती होती, ते एवढंच होतं. विहीणबाई पुन्हा बरणीकडे वळल्या होत्या, जावई फोटो काढत होते. मंजू मात्र तिथे नव्हती. ती हात धुवायला गेली होती.

मी काचेला टेकून तिची वाट बघत राहिले. लाज माझी एकटीची आहे, असं मी धरून चालले होते. शिकलेली, मोटार चालवणारी मुलगी, तिचा या सगळ्याशी काय संबंध? पण त्या लाजेचं सत्त्वही मीच तिला भरवलं होतं. कधी बोलून नाही. दाराआड कपडे वाळत घालून, कप पुढे ठेवून, मान डोलावून. मोड आणून, वाळवून, दोनदा गाळून, तिला खडा लागू नये इतकं बारीक करून. ती त्याच्यावर वाढली. माझं आज बोलून झालं, पण तिचं काय?

टेबलावर जावयांनी फोन पुढे केला. "आई, तारे किती देऊ? तुम्ही सांगाल तेवढे."

"मागितल्याशिवाय मूठभर देतात ना," मी म्हणाले. "मग चांगली आहे."

मंजू येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. डोळे धुतलेले होते. मी टेबलाखाली तिचा हात शोधला आणि माझ्या मुठीतले ओले दाणे तिच्या तळव्यावर ठेवले. तिने ते घेतले नाहीत, टाकलेही नाहीत. तळवा तसाच उघडा राहिला.

तिच्या हाताला साबणाचा वास येत होता.